किनाऱ्यावरचे नौसैनिक

आमच्या पहिल्या नेमणुकीच्या धर्मग्रामातील मृत्युनोंदवहीत आमच्या हस्ताक्षरातील एक ओळ आहे. १९९८ सालच्या पावसाळ्यातील. नाव, वय वर्षे ७५, पतीचे नाव, अखेरचे संस्कार दिल्याची खूण, दफनाची तारीख आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘घरकाम’ हा शब्द. आम्ही त्या वेळी नुकतेच गुरुदीक्षा घेऊन सेमिनरीतून बाहेर पडलो होतो. मृत व्यक्ती स्त्री असली की त्या रकान्यात हाच शब्द लिहावयाचा, असा कोणी नियम केला नव्हता; परंतु तसा नियम असल्याप्रमाणे आमचे पेन चालत असे.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी माणसांना पवित्र कम्युनियन देण्यास आम्ही घरोघरी जात असू. या मावशींचे घर वाटेवरचे शेवटचे. त्यामुळे तिथे चहा ठरलेला आणि चार गोष्टीही ठरलेल्या. एकदा त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी आम्हांला ओढावयास लावली व आतून एक छायाचित्र काढून हाती दिले. चार तरुणी एका ओळीत उभ्या; चौघींच्या साड्या एकसारख्या, पायांत बंद बूट, दंडावर कसलेसे चिन्ह. “फादर, मी नेव्हीत होते,” मावशी म्हणाल्या. “रात्र-रात्र आकडे मांडत बसायचो आम्ही.”

आम्ही हसलो, हे इथे लिहिलेच पाहिजे. नेव्हीत बाई, आणि तीही साडी नेसून! नौदलाच्या एखाद्या कचेरीत टंकलेखन करीत असतील, अशी आम्ही मनाशी समजूत करून घेतली आणि विषय गोदीच्या स्फोटाकडे वळविला. १४ एप्रिल १९४४ चा तो स्फोट. जुन्या मुंबईकराला त्याविषयी विचारले की त्याला बोलावयास आवडते, एवढे आम्हांला ठाऊक होते. मावशींनी खिडक्यांच्या फुटलेल्या काचांविषयी सांगितले, आकाशभर पसरलेल्या धुराविषयी सांगितले आणि पेटी पुन्हा पलंगाखाली गेली. पुढे चारच महिन्यांनी त्या वारल्या. दफनविधीच्या प्रवचनात आम्ही त्यांच्या जपमाळेविषयी आणि नाताळात शेजारीपाजारी वाटल्या जाणाऱ्या फुगियांच्या टोपलीविषयी बोललो. लोकांचे डोळे पाणावले. प्रवचन चांगले झाले, असे आम्हांला वाटले.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या महायुद्धावरील एक ग्रंथ चाळत असताना एका पानावर आम्ही थबकलो. १९४५ सालचे छायाचित्र होते. स्कॉटलंडमधील रोसाइथ हे ब्रिटिश आरमाराचे ठाणे. एका इंग्रज स्त्री अधिकाऱ्याच्या शेजारी साडी नेसलेली एक भारतीय तरुणी उभी. खाली नाव होते : सेकंड ऑफिसर कल्याणी सेन, विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस. पत्र्याच्या पेटीतील त्या चार मुली आमच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. मावशी कचेरीतील टंकलेखिका नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या तेच खरे होते.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते आम्ही वाचत आलो आहोत. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे. परंतु जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, असे वाटते.

नौदलात स्त्रियांचा रीतसर प्रवेश झाला तो अमेरिकेत आणि एका शब्दाच्या आधारे. परिचारिकांची गोष्ट निराळी. त्या आधीपासूनच होत्या. १९१७ च्या आरंभी अमेरिका युद्धाच्या उंबरठ्यावर उभी असताना नौदलाला कारकुनांची फार टंचाई भासू लागली. जोसेफस डॅनियल्स हे नौदलाचे मंत्री होते. त्यांनी आदल्या वर्षीचा कायदा पुन्हा वाचून घेतला. राखीव दलात ‘व्यक्तीं’ची भरती करावी, असे त्यात म्हटले होते, ‘पुरुषां’ची असे कुठेच म्हटले नव्हते. कायदा करणाऱ्यांच्या मनातही स्त्रिया नसाव्यात; त्यांनी शब्द तेवढा मोकळा सोडला होता. २१ मार्च १९१७ रोजी पेनसिल्व्हेनियातील लॉरेटा परफेक्टस वॉल्श ही वीस वर्षांची मुलगी फिलाडेल्फियात शपथ घेऊन नौदलात दाखल झाली. तिच्यामागून युद्ध संपेपर्यंत अकरा हजारांहून अधिक स्त्रिया आल्या. त्यांना त्याच हुद्द्यावरच्या पुरुषाइतकेच वेतन मिळे, ही त्या काळी फार दुर्मीळ गोष्ट. लॉरेटाचे आयुष्य मात्र लहान ठरले. क्षयाने ती १९२५ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी वारली. ऑलिफंट या गावी संत पॅट्रिकच्या कॅथलिक दफनभूमीत तिची कबर आहे, आणि तिने बजावलेल्या सेवेचा उल्लेख तिच्या दगडावर कोरलेला आहे. आमच्या मावशींच्या क्रुसावर नाव आणि दोन तारखा आहेत.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९१७ मध्ये स्त्रियांचे नौदल उभे राहिले. कॅथरीन फर्स या त्याच्या पहिल्या संचालिका. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या मुलींना ‘रेन’ म्हणू लागले. रेन हे एका चिमुकल्या पक्ष्याचे नाव. आरमारासाठी एक पुरुष मोकळा करा, असे आवाहन त्यांना करण्यात येई. त्यांच्याविषयी आणखी एक वचन प्रचलित होते : समुद्रावर कधीच नाही! स्वयंपाक, हिशेब, टपाल, तारायंत्र, पाणबुडीविरोधी जाळी विणणे, सारे काही किनाऱ्यावर.

‘पुरुष मोकळा करा’ या शब्दांपाशी आम्ही बराच वेळ अडखळलो. मोकळा करावयाचा तो कशासाठी? जिच्या हाती टंकलेखन यंत्र दिले गेले, तिने ज्या कारकुनाची खुर्ची घेतली तो कारकून पाणतीरांच्या माऱ्यात जाणार होता. सर्वच कारकुनांना या मोकळिकीचा आनंद झाला नसणार, आणि त्याच्या आईने त्या मुलीकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल? सेवेत शिरलेल्या मुलीला हे कळत नसेल असे नाही. जपमाळेचा एक मणी पुढे सरकवावा तसा ती एक जीव पुढे सरकवीत होती. आम्हांला हा विचार जड वाटतो. परंतु तो टाळून या स्त्रियांचे कौतुक करणे सोपे होईल, खरे होणार नाही.

आणि समुद्राने तरी त्यांना कुठे सोडले? १० ऑक्टोबर १९१८ रोजी, युद्ध थांबण्याच्या अवघा एक महिना आधी, आयर्लंडहून निघालेले ‘लिन्स्टर’ हे टपाल-जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले. पाचशेहून अधिक माणसे गेली. त्यांत कॉर्क शहरची जोसेफीन कार होती. वय एकोणीस, लघुलेखिका. नेमून दिलेल्या ठिकाणी ती प्रथमच रुजू होण्यास निघाली होती. समुद्रावर न जाणाऱ्या दलातील शत्रूच्या हल्ल्यात मेलेली पहिली मुलगी ती.

१९१९ मध्ये हे दल मोडण्यात आले. काम संपले, घरी जा.

वीस वर्षांनी पुन्हा बोलावणे आले, तेव्हा जिच्या हाती सूत्रे गेली ती व्हेरा लॉटन मॅथ्यूज हिची ओळख आमच्या वाचकांना आवर्जून करून द्यावीशी वाटते, कारण ती आपल्यांपैकी होती. वडील इंग्लंडमधील नौदलाच्या इतिहासाचे नामांकित प्राध्यापक, आई स्पेनच्या कादिथ या बंदरातली, घर कॅथलिक. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत ती हिरिरीने उतरली. संत जोनच्या नावाने चालणाऱ्या कॅथलिक स्त्रियांच्या संघटनेचे नेतृत्वही तिने केले. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच ती नौदलाच्या मुख्य कचेरीत गेली व मला काम द्या म्हणाली. झग्यांना इथे जागा नाही, अशा अर्थाचे उत्तर घेऊन तिला परतावे लागले. तीन वर्षांनी त्याच कचेरीने स्त्रियांना हाक दिली, तेव्हा पहिल्या तुकडीत ती हजर! मानापमानाचा विचार तिने केला नाही. १९३९ साली ती दुसऱ्या दलाची संचालिका झाली, त्या वेळी ती पन्नाशीची होती. तीन मुलांची आई. १९४४ मध्ये तिच्या हाताखाली सुमारे ७४,००० स्त्रिया होत्या.

या आईच्या वाट्याला १९ ऑगस्ट १९४१ चा दिवस आला. जिब्राल्टरच्या ठाण्यावर सांकेतिक संदेशांच्या व बिनतारी यंत्रांच्या कामासाठी एकवीस रेन आपणहून पुढे आल्या होत्या. त्यांना व नौदलाच्या एका परिचारिकेला घेऊन ‘अग्विला’ हे जहाज तांड्याबरोबर निघाले होते. पाणबुडीने ते बुडविले. बावीसपैकी एकही मुलगी वाचली नाही. पुढे त्यांच्या स्मरणार्थ वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ येथे एक जीवरक्षक नौका ठेवण्यात आली. तिला जहाजाचे आणि त्या पक्ष्याचे, अशी दोन्ही नावे जोडून दिली होती. बुडणाऱ्याला बाहेर काढणारी नौका हे स्मारक आम्हांला संगमरवरी पुतळ्याहून अधिक भावले.

आता लिव्हरपूलकडे वळू. सगळ्या वाचनात आम्हांला सर्वांत गुंतवून ठेवले ते तिथल्या एका खोलीने. जानेवारी १९४२ मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्यावर एक कामगिरी सोपविण्यात आली. क्षयामुळे नौदलाने त्यांना पूर्वीच सेवामुक्त केले होते. अटलांटिक महासागरात ब्रिटनचे अन्नधान्य व इंधन घेऊन येणाऱ्या जहाजांचे तांडे जर्मन पाणबुड्या बुडवीत होत्या. त्या हे कसे साधतात, ते शोधून काढावयाचे होते. रॉबर्ट्सना सहायक म्हणून मिळाल्या त्या बहुतेक तरुण रेन. त्यांनी फरशीवर अंथरलेल्या लिनोलियमवर चौकटी आखल्या. लाकडाची छोटी जहाजे, खडू, दोऱ्या असे साहित्य जमविले. प्रत्यक्ष समुद्रावर झालेल्या लढायांचे अहवाल घेऊन त्या गुडघ्यांवर रांगत, एकेक जहाज अहवालाप्रमाणे पुढे सरकवीत. जहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूने, पाणबुडीचा हिरव्या खडूने. कडेला कापडी पडदे असत व त्यांना लहान फटी. समुद्रावरून आलेले अधिकारी पडद्यामागून त्या फटीतून पाहत, म्हणजे खऱ्या जहाजावरून जेवढे दिसेल तेवढेच त्यांना दिसे. हिरवी रेघ त्यांना तिथून दिसत नसे.

पाणबुड्या तांड्याच्या बाहेरून, दूर अंतरावरून मारा करतात, असा तोवरचा समज होता. फरशीवर मांडून पाहता तो जुळेना. बाहेरून सोडलेला पाणतीर तांड्याच्या मधल्या जहाजाला लागेलच कसा? रॉबर्ट्स आणि या मुली वेगळ्याच निष्कर्षाला आल्या. पाणबुडी रात्री पाण्याच्या पृष्ठभागावरूनच मागच्या बाजूने तांड्याच्या आत शिरते, जवळून मारा करते आणि मग बुडी मारून तांड्याला आपल्या डोक्यावरून पुढे जाऊ देते! रक्षक जहाजे तोवर तिला बाहेर शोधीत असतात. मग त्यांनी उलट डाव रचला. इशारा मिळताच रक्षक जहाजांनी मागे यावे आणि तांड्याची पिछाडी पिंजून काढावी. त्या डावाला ‘रासबेरी’ हे नाव जीन लेडलॉ या मुलीने दिले. इंग्रजीत तोंडाने उपहासाचा आवाज काढण्याला तसे म्हणतात. हिटलरला वेडावून दाखविले, असा भाव. ती हिशेबनिसाचे शिक्षण घेतलेली, वय वीस-एकवीस. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन हे तर पहिल्या महायुद्धातील निष्णात पाणबुडीचालक. त्यांनी स्वतः पाणबुडीचा पक्ष घेऊन हा खेळ खेळून पाहिला आणि पाचही वेळा हरले. पडद्यापलीकडे त्यांच्याशी खेळणारी जॅनेट ओकेल होती. ती तर वयाने आणखी लहान. सुमारे पाच हजार अधिकारी युद्धाच्या काळात त्या फरशीवर शिकून समुद्रावर गेले. त्या मुलींनी खरी पाणबुडी पाहिलीही नसेल.

हे वाचताना प्रथम आम्ही टाळी देण्याच्या बेतात होतो. मग हात थांबला. जर्मन पाणबुड्यांवर सुमारे चाळीस हजार माणसे गेली आणि त्यांपैकी जवळजवळ तीस हजार परतली नाहीत. तीही विशीतलीच मुले होती, आणि त्यांच्याही आया जपमाळ म्हणत होत्या. दुसरीकडे, ते तांडे पोचले नसते तर ब्रिटन उपाशी मेले असते आणि युरोपभर छळछावण्यांची धुरांडी अधिक काळ पेटत राहिली असती. धर्मगुरूने या दोहोंचा हिशेब मांडून दाखवावा, अशी कोणी अपेक्षा करील. आम्हांला तो मांडता येत नाही. त्या खोलीतील हिरवा खडू ज्या हाती होता, तो हात युद्धानंतर कधी थरथरला असेल का, एवढेच आमच्या मनात राहिले.

ब्लेचली पार्क या ठिकाणच्या रेन मुलींविषयी अनेकांनी ऐकले असेल. जर्मनांची सांकेतिक भाषा उलगडणारी कपाटाएवढी यंत्रे त्या पाळीपाळीने रात्रंदिवस चालवीत. मिळालेल्या उत्तराने पुढे काय घडले, हे त्यांना कळत नसे. कुणालाही काही न सांगण्याची शपथ त्यांनी घेतली होती. ती त्यांनी तीस वर्षे पाळली. १९७० नंतरच्या दशकात या गोष्टी उघड झाल्या तोवर अनेकींचे आईवडील व पती आपल्या घरातील या मुलीने काय केले ते न कळताच वारले होते. आम्हां धर्मगुरूंना पापनिवेदनाचे गुपित पाळण्याचे व्रत असते आणि आम्ही त्याचा अभिमान बाळगतो. परंतु आम्ही काही गुपित बाळगून आहोत, एवढे तरी जगाला ठाऊक असते. या बायकांचे तेवढेही कुणाला ठाऊक नव्हते.

अमेरिकेतही १९४२ मध्ये स्त्रियांचे नौदल पुन्हा उभे राहिले. वेल्स्ली महाविद्यालयाच्या अध्यक्षा मिल्ड्रेड मॅकाफी तिथे प्रमुख झाल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र त्याचे दार १९४४ अखेरीपर्यंत बंद होते, हेही इथे नोंदविले पाहिजे.

आणि आता मुंबई. १९४२ मध्ये हिंदुस्थानात स्त्रियांचे साहाय्यक दल स्थापन झाले. त्याची नौदलाची शाखा १९४४ मध्ये वेगळी झाली आणि तिला स्वतःचे नाव मिळाले. इंग्रजी येणाऱ्या मुली हव्या असल्यामुळे अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती घरांतून पुष्कळ जणी आल्या. भारतीय मुलींना गणवेश म्हणून साडी नेसता येई. कल्याणी सेन १९४५ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या तिथल्या दलाच्या शिक्षणाची व कारभाराची पाहणी करण्यासाठी. तिकडे गेलेल्या त्या पहिल्या भारतीय सैनिक स्त्री. पुरुषांबरोबर मुलींनी काम करणे आपल्या समाजाला रुचत नाही, पण मुलींचा उत्साहच ही भिंत पाडीत आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार नोंदले गेले आहेत.

परंतु हा काळ कोणता, ते विसरून चालणार नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर ‘चले जाव’ची घोषणा झाली. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईतच, ‘तलवार’ या नौदलाच्या संदेश-प्रशिक्षण ठाण्यात, खलाशांनी बंड पुकारले. अशा दिवसांत इंग्रजांच्या नौदलाचा गणवेश घातलेली ख्रिस्ती मुलगी चाळीत परतत असेल, तेव्हा जिन्यावर काय ऐकत असेल? ‘ख्रिस्ती म्हणजे इंग्रजांचे’ हे बोल आपल्या वडीलधाऱ्यांनी कमी ऐकलेले नाहीत. लवकरच दल मोडले, देश स्वतंत्र झाला, लग्न झाले. मावशींनी ते छायाचित्र पेटीत तळाशी का ठेवले असेल, याचा अंदाज आता आम्ही बांधू शकतो. पन्नास वर्षांनंतर त्यांनी ते वर काढले, तेव्हा समोर कोण बसले होते? तर हसणारा एक तरुण धर्मगुरू.

स्वतंत्र भारताच्या नौदलात वैद्यकीय सेवेखेरीज इतर शाखांत स्त्री अधिकारी घेण्यास १९९२ उजाडले. म्हणजे आम्ही पेटी ओढली तेव्हा त्याला सहा वर्षे होऊन गेली होती. आम्हांला नवल वाटण्याचे कारणच नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये प्रेरणा देवस्थळी यांची ‘त्रिंकट’ या युद्धनौकेवर प्रमुख म्हणून नेमणूक जाहीर झाली. नौदलाच्या जहाजाचे प्रमुखपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ती बातमी वाचली त्या दिवशी आम्ही मावशींसाठी मिस्सा अर्पण केली. हेतू जाहीर करताना काय म्हणावे ते सुचेना, म्हणून फक्त नाव वाचले.

मृत्युनोंदवहीतील लेखन आपल्या मर्जीने बदलता येत नाही, आणि बदलू नयेच. गतवर्षी आम्ही त्या धर्मग्रामात जाऊन ते पान काढून पाहिले. शाई फिकट झाली आहे; ‘घरकाम’ स्वच्छ वाचता येते. मावशींचे घर पाडून तिथे इमारत उभी राहिली आहे. त्यांची मुलगी कॅनडात असते, असे शेजाऱ्यांकडून कळले. पत्ता मिळवून आम्ही तिला सविस्तर पत्र लिहिले आणि आमच्या हसण्याविषयी क्षमाही मागितली. दोन महिन्यांनी उत्तर आले. पत्र्याची पेटी घर सोडताना गेली. छायाचित्र मात्र तिने जपून ठेवले होते. त्याची प्रत तिने पाठविली आहे. मागच्या बाजूस पेन्सिलीने ‘बॉम्बे, १९४५’ एवढेच लिहिले आहे. क्षमेविषयी तिने काहीच लिहिलेले नाही. आपली आई कोणत्या कचेरीत होती, कसले आकडे मांडीत होती, हे तिला माहीत नव्हते. तिनेही कधी विचारले नव्हते. शेवटी तिने उलट आम्हांलाच विचारले आहे, “फादर, बाकीच्या तिघी कोण?”

मावशी डावीकडून दुसऱ्या. ती प्रत आमच्या टेबलावर आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी आजीच्या वस्तूंत असेच एखादे छायाचित्र असेल, एकसारख्या साड्या आणि दंडावर चिन्ह असलेले, तर त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर आम्हांला कळवावे. आजी हयात असतील तर पत्राची वाट पाहू नये. निरोप धाडावा, आम्ही स्वतः येऊ.